ओट्सचं पाणी चालेल, पण आधी स्क्रेपिंग (कातडी खरवडून तपासणी) करून घ्या

तुमच्या लॅब्राडॉरची खाज थांबत नाही हे वाचलं आणि आमचा कुत्रा ब्रूनो आठवला. त्यालाही इंजेक्शन दिलं की काही दिवस शांत, मग पुन्हा खाज, पंजे चाटणं, डोळ्यांभोवतीचे केस जाणं. हळद-खोबरेल लावू का, असं तुम्ही विचारलंय. त्याचं सांगते, पण आधी त्या इंजेक्शनबद्दल.

आम्ही ज्या दवाखान्यात जायचो तिथे डॉक्टर लांबूनच बघायचे, 'ॲलर्जी आहे' म्हणायचे आणि सुई टोचायचे. केसपेपरवर औषधाचं नावसुद्धा नसायचं. ब्रूनो वाडगेच्या वाडगे पाणी प्यायला लागला, घरातच शू करायला लागला, तेव्हा खनपटीला बसून विचारलं. स्टिरॉइड होतं! तोवर एकदाही त्वचा तपासली नव्हती. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी कातडी चिमटीत दाबली, ब्लेडला तेलाचा थेंब लावून किंचित रक्त दिसेपर्यंत खरवडलं आणि काचपट्टी मायक्रोस्कोपखाली ठेवली. लांबट, सिगारसारखे किडे मलाही दाखवले. डेमोडेक्स नावाचे. स्टिरॉइडने या किड्यांमुळे होणारा आजार उलट बळावतो. एवढ्या साध्या तपासणीचा कंटाळा करून मुक्या जिवाला इतके दिवस तळमळत ठेवलं, याचा मला अजून संताप येतो.

तुमच्या कुत्र्याला तेच असेल असं नाही. गोचीड, पिसवा, खरूज, बुरशी, खाण्याची ॲलर्जी, काहीही असू शकतं. मी डॉक्टर नाही. पण स्क्रेपिंग झाल्याशिवाय पुढचं इंजेक्शन घेऊ नका, आणि कशाचं आहे ते लिहून मागा. गोळ्या चालू असतील तर मात्र मनाने एकदम बंद करू नका, स्टिरॉइड हळूहळू कमी करावं लागतं. घरात माणसांनाही खाज सुटली असेल तर ते आवर्जून सांगा, कारण खरूज माणसांनाही त्रास देते.

आता घरगुती उपाय. माझा भरवसा फक्त साध्या ओट्सवर. मिक्सरमध्ये अगदी मैद्यासारखे दळा. चमचाभर पीठ ग्लासभर पाण्यात टाकून ढवळा. पाणी दुधासारखं झालं नाही तर अजून दळा. कोमट पाण्यात कालवून अंगावर दहा मिनिटं राहू द्या, मग धुऊन टाका. गरम पाणी नको, खाज वाढते. बोटांच्या बेचक्या आणि काखा टॉवेलने नीट कोरड्या करा, पावसाळ्यात तर फिरून आल्यावर रोज.

खोबरेल कोरड्या कातडीला थोडं चालतं, पण अंग चिकट असेल, कुबट वास येत असेल तर अजिबात नको. हळदीने खाज थांबल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. डेटॉल, टी ट्री ऑइल, रॉकेल यांना हात लावू नका. कॅलामाइनही नको, त्यात झिंक ऑक्साइड असतं आणि लावलेलं सगळं कुत्रं चाटतंच. माणसांचा साबणही नको, कुत्र्यांच्या कातडीचा पीएच (आम्लतेचं प्रमाण) वेगळा असतो.

जखम ओली असेल, पू असेल किंवा कान दुखत असेल तर घरी काही करत बसू नका. मुंबईजवळ असाल तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात दाखवता येईल. आणि जाण्याआधी दोन-तीन दिवस आंघोळ घालू नका, अंगावर काही चोपडूही नका, म्हणजे डॉक्टरांना कातडी आहे तशी बघता येते. चट्ट्यांचे आधीचे फोटो मोबाइलमध्ये असतील तर तेही दाखवा.