नालकृमी : नाल नक्की कशाचा?

प्रश्न असा आहे : समुद्रातल्या ‘हॉर्सशू वर्म’ला मराठीत ‘नालकृमी’ म्हटले तर चालेल का, आणि त्याच्या पिल्लाला ‘अळी’ म्हणावे का?

नालकृमी खुशाल म्हणा. फक्त हा प्राणी नालासारखा वाकलेला असतो, असा वाचकाचा समज होऊ देऊ नका. त्याचे अंग सरळसोट, बारीक, आणि ते स्वतःच स्रवलेल्या कायटिनच्या (कीटकांच्या कवचात असते त्या चिवट पदार्थाच्या) नळीत राहते. नालाकृती असतो तो नळीबाहेर फुललेला स्पर्शकांचा, म्हणजे बारीक लवचीक तंतूंचा, तुरा. पाण्यातले अन्नकण तोंडाकडे वळवायचे आणि श्वसनही करायचे, ही कामे तोच करतो. नळी तळाशी बंद, म्हणून आतडे खाली जाऊन पुन्हा वर येते आणि मलद्वार तोंडाच्या शेजारीच उघडते.

यातल्या एका जातीला निसर्गअभ्यासक थॉमस स्ट्रेथिल राइट यांनी १८५६ साली ‘फोरोनिस हिप्पोक्रेपिया’ हे शास्त्रीय नाव दिले. ग्रीकमध्ये हिप्पोस म्हणजे घोडा, क्रेपिस म्हणजे पादत्राण. गंमत म्हणजे आपला घोड्याचा नालही अरबी ‘नअ्ल’वरून, म्हणजे पादत्राणावरूनच आला. शिवाय संस्कृतात ‘नाल’ म्हणजे पोकळ देठ. नळीत राहणाऱ्या प्राण्याला हा दुसरा अर्थही शोभतो, त्यामुळे समास मला फारच आवडला.

मात्र सगळ्याच जातींचा तुरा नालासारखा नसतो. चिमुकल्या ‘फोरोनिस ओव्हॅलिस’चे स्पर्शक थोडे, तुरा लंबगोल. ‘फोरोनिस ऑस्ट्रॅलिस’मध्ये स्पर्शक शेकड्यांनी, म्हणून नालाची दोन्ही टोके आत वळत जाऊन मळसूत्र होते. ही जात सेरिअँथस गटातल्या समुद्रफुलांच्या नळीच्या भिंतीत वस्ती करते. तिच्याबद्दल लिहिताना ‘नालाकृती तुरा’ म्हणणे चुकीचे, ‘सर्पिल’ म्हणा.

‘कृमी’ही सैलच शब्द, कारण यांचे जवळचे नातलग गांडुळे नसून दोन शिंपांचे ब्रॅकिओपॉड हे समुद्री प्राणी आहेत. पण पट्टकृमी, गोलकृमी रुळलेच आहेत, तेव्हा हाही चालून जाईल. ‘किडा’ नको.

‘अळी’ मात्र अजिबात नको. अळी म्हटले की पानावरचा सुरवंटच आठवतो. इथे ‘डिंभ’ (लार्व्हा, म्हणजे प्रौढाहून वेगळ्या रूपाचे पिल्लू) हवा. प्राणिशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनी १८४६ साली त्याला स्वतंत्र प्राणी समजून ‘अ‍ॅक्टिनोट्रोका’ नाव दिले होते. तो फोरोनिसचाच डिंभ आहे हे भ्रूणशास्त्रज्ञ कोवालेव्हस्की यांनी १८६७ साली दाखवले. चूक होण्यासारखीच होती. हा डिंभ पाण्यात तरंगतो, तळाशी आला की पोटातली पिशवी बाहेर उलटवतो, तीच पुढे धड होते आणि आतडे तिच्यात ओढले जाऊन दुमडते. हे सारे काही मिनिटांत उरकते.