उपग्रह चित्रं बघताय? आधी सावली शोधा

सुरुवातीला आपण सगळेच एक चूक करतो: काही गोल दिसलं की "उल्केचं विवर!" म्हणून मोकळे होतो. आफ्रिकेतल्या मॉरिटानिया देशातली रिशात रचना बघा. सुमारे ४० किलोमीटर व्यासाची, वर्तुळात वर्तुळं. पण विवर नव्हे, वर उचललेला खडकांचा घुमट झिजून उरलेल्या कडा आहेत त्या. वाळवंटातली हिरवी वर्तुळं तर बहुतेकदा शेतंच असतात, मध्याभोवती फिरणाऱ्या लांबलचक पाइपाने भिजवलेली.

दरी डोंगरासारखी दिसायला लागली तर सावली कुठल्या बाजूला पडलीय ते बघा. तरी कळेना? चित्र १८० अंशांत फिरवा. मीसुद्धा एक नदीचं खोरं तासभर डोंगररांग समजून बघत बसलो होतो!

आणखी दोनच गोष्टी:

- गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं उघडा. एकाच तारखेला दिसणारी वस्तू ढग, विमान किंवा चित्रं एकमेकांना जोडताना राहिलेला दोष असू शकते. विमानाशेजारी रंगीत भुतं दिसली तर दचकू नका. रंग किंचित वेगवेगळ्या क्षणी टिपलेले असतात.
- अक्षांश-रेखांश लगेच लिहून ठेवा. "नंतर सापडेल" म्हणालात की गेलीच ती जागा.

इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशातली चित्रं) वगैरे भानगडीत इतक्यात पडू नका.