भीती परत आली म्हणजे सगळं मुसळ केरात?

जुलैत सांगलीच्या गावभागातल्या एक काकू दीड वर्षानं पुन्हा उपचारासाठी समोर येऊन बसल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, तोंडाला दोन गाठी. आत रेशनकार्ड, घराचा उतारा, नातवाचा जन्मदाखला.

"मॅडम, कोयनेतनं पाणी सोडलं म्हटलं की छातीत धडधडतंय. बरी झालेले की हो मी! सगळं मुसळ केरातच ना?"

2019च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा काकू दोन रात्री वरच्या मजल्यावर अडकल्या होत्या.

हा प्रश्न मला दर पावसाळ्यात कुणीतरी विचारतंच. नाही, केरात काही जात नाही. अमिग्डाला हा मेंदूतला बदामाएवढा भाग 'पाणी म्हणजे धोका' अशी गाठ मारून ठेवतो. उपचारानं ती सहसा सुटत नाही. शेजारी 'या पाण्यानं काही होत नाही' अशी दुसरी आठवण तयार होते आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स तिच्या जोरावर अमिग्डालाला आवरतो. दोन्हींतली कुठली वर येणार, हे बरंचसं हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्याच आणखी एका भागावर असतं; तो जागा आणि प्रसंग ओळखतो.

इथं चूक माझी. भीतीला सामोरं जायचा आमचा सगळा सराव विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत झाला, तोही कोरड्या ठणठणीत फेब्रुवारीत, मोबाइलवर पाण्याचा आवाज लावून. नवी आठवण त्या खोलीलाच चिकटली. गावभागात, ओल धरलेल्या भिंतींच्या वासात, जुनी वर आली.

म्हणून यंदा पाणी उतरल्यावर सरकारी घाटावर गेलो. काकू वरच्या पायरीवर माझा दंड धरून उभ्या, नखं उमटली. वीसेक मिनिटांनी हात सैल झाला. मग कधी सकाळी, कधी भुरभुर पावसात, पुढे माझ्याशिवाय सुनेबरोबर.

अर्थात सांगलीत पाण्याची भीती खुळी म्हणता येत नाही. 40 फूट इशारा पातळी, 45 धोका. त्यामुळे असं ठरलं: पुलाचा आकडा दिवसातून एकदाच बघायचा, 40 दिसले की गुमान मिरजेला बहिणीकडे. पिशवी राहू दे, फक्त उशाखालून कपाटात.

परवा फोन आला. "आज 22 फूट. धडधडलं जरा."

"मग काय केलंत?"

"काय करायचं? तवा तापलेला, भाकरी टाकल्या."