मदत मागण्याआधी पोहोचते का, ते बघ

प्रिय,

दोन्ही विद्यापीठांची माहितीपत्रकं वाचली. पहिल्याचं नाव मोठं. दुसऱ्याकडे विद्यार्थी सहाय्य कार्यक्रम आहे, आणि त्यासाठी दुसरं निवडणं म्हणजे कच खाणं तर नाही ना, असं तू विचारलं आहेस. अजिबात नाही. शिक्षण अर्ध्यावर सोडणाऱ्यांत हुशार मुलं भरपूर असतात. पण 'आमच्याकडे सहाय्य केंद्र आहे' या वाक्यावर भाळू नकोस. ते दोन्ही पत्रकांत आहे, हसऱ्या मुलांच्या फोटोसकट.

मी आधी एकच आकडा विचारतो. एका सल्लागाराकडे किती विद्यार्थी? न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या कॉलेजांत, 'एसॅप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात एका सल्लागाराकडे साधारण 60 ते 80 विद्यार्थी असत, तर कार्यक्रमाबाहेर 600 च्या वर. सल्लागाराला भेटणं बंधनकारक होतं, शिवाय शिकवणी, पाठ्यपुस्तकं, प्रवासाचा पास. परिणाम तपासताना सारख्याच परिस्थितीतली मुलं घेतली आणि कोण आत, कोण बाहेर हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं. तीन वर्षांत आतल्या 40 टक्के मुलांच्या हाती पदवी आली, बाहेरच्यांपैकी 22 टक्क्यांच्या.

त्यातला 'बंधनकारक' हा भाग तुझ्या कामाचा आहे. तू भिडस्त, हे मला ठाऊक आहे. 'कधीही या, दार उघडं आहे' असं म्हणणाऱ्या केंद्रात बहुधा ज्यांचं बरं चाललंय तीच मुलं जातात. ज्याचं बिनसलंय तो खोलीत बसून राहतो.

लाज वाटू न देता मदत पोहोचवायची दुसरीही एक रीत आहे. अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत 1973 पासून 'सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन', म्हणजे पूरक शिकवणी, चालू झालं. तिथे कच्ची मुलं शोधत नाहीत, अवघड विषय शोधतात, म्हणजे ज्यात जवळपास 30 टक्के मुलं नापास होतात, काठावर राहतात किंवा विषयच सोडून देतात. तो विषय आधी चांगल्या गुणांनी पार केलेला विद्यार्थी पुन्हा त्याच तासांना बसतो आणि नंतर सगळ्यांसाठी खुली अभ्यास-बैठक घेतो. पहिल्या येणाऱ्यानेही यावं, शेवटच्यानेही. कुणाच्या कपाळावर शिक्का नाही. तुझ्या पहिल्या वर्षाच्या गणिताला असं काही आहे का, हे दोघांनाही विचार.

आता वेळेचं. समज, पहिल्या चाचणीत तुला 100 पैकी 31 पडले. शिक्षकांनी गुण भरले. पुढे ते कुणाच्या नजरेस पडतात? तुला फोन कोण करतं, किती दिवसांत? हा प्रवास त्यांच्याकडून टप्प्याटप्प्याने वदवून घे. विषय बदलायची मुदत उलटल्यावर मेल येणार असेल, तर वरातीमागून घोडं. समोरचा माणूस 'आमची यंत्रणा आहे' एवढंच म्हणत राहिला, तर यंत्रणा नाही असं समज.

तिथल्या मुलांशी बोलताना 'केंद्र कसं आहे?' असं विचारू नकोस. सगळे 'छान' म्हणतात. 'शेवटचं कधी गेला होतात, कुणाला भेटलात?' असं विचार. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्यांना गाठ. पहिल्या वर्षाच्या मुलांचं कौतुक अजून ओसरलेलं नसतं. समुपदेशकाची वेळ मिळायला किती आठवडे लागतात, तेही त्यांनाच ठाऊक असतं. आणि शाळेत वाचन-लेखनाच्या वगैरे अडचणीमुळे परीक्षेला जादा वेळ मिळत असेल, तर विद्यापीठात तो आपोआप मिळेल असं धरून चालू नकोस. बहुतेक ठिकाणी अर्ज स्वतः करावा लागतो, कागदपत्रांसह.

एक मात्र आहे. तुला हवी ती शाखा पहिल्याकडेच नीट शिकवत असतील आणि दुसऱ्याकडे ती नावापुरती असेल, तर हे सगळं बाजूला ठेव. नको असलेला विषय कितीही मदतीने शिकलास, तरी तो नकोसाच राहणार. शिकवणं जवळपास सारखं असेल, तेव्हाच सहाय्याचं पारडं जड धर. माझ्या मते तुझ्या बाबतीत ते तसंच आहे, पण अभ्यासक्रमाची यादी तू स्वतः एकदा शेजारी शेजारी ठेवून बघ.

शेवटचे दोन प्रश्न मेलवरच विचार, म्हणजे उत्तर लेखी राहील. कार्यक्रम पहिल्या वर्षापुरता आहे की पदवीपर्यंत? असे बरेच कार्यक्रम ठरावीक मुदतीच्या निधीवर चालतात आणि निधी आटला की दुसऱ्या वर्षी सल्लागाराची खुर्ची रिकामी होते. दुसरा, गुण घसरले तर शिष्यवृत्ती कधी थांबते आणि त्याआधी कुणी सावध करतं का? मेल दोघांनाही एकाच दिवशी पाठव. कोण किती दिवसांत आणि किती नेमकं उत्तर देतं, तेही टिपून ठेव. उत्तरं आली की मला पाठव, शुल्काची मुदत संपण्याआधी एकदा बोलू.

सस्नेह