नवी जात सापडली वाटतंय? जरा थांब
अरे, ट्रॉलरवाल्याने रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आणून दिलेला तो खोल पाण्यातला आयसोपॉड (कोलंबी-खेकड्यांचा चपटा नातेवाईक) फॉर्मलिनमध्ये नको टाकूस, डीएनए खराब होतो, ९५ टक्के इथेनॉल घे. आणि नाव ठेवायची घाई नको. मी जिला नवी जात समजून नाचलो ती जुन्याच जातीची मादी निघाली, वर्णन नराचं होतं ना! मग मायक्रोस्कोपखाली बारीक सुयांनी एकेक पाय, जबडे सुटे कर, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून कॅमेरा ल्युसिडाने (मायक्रोस्कोपमधलं दृश्य कागदावर गिरवायचं साधन) चित्र काढ, केस न् केस मोज, कोलंबी सोलण्याइतकं सोपं नाही ते. होलोटाइप, म्हणजे ज्यावर नव्या जातीचं नाव टिकतं तो मूळ नमुना, म्युझियममध्येच दे, घरच्या फ्रिजात नाही (आई फेकते). पेपर फक्त ऑनलाइन येणार असेल तर आधी झूबँकला (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची ऑनलाइन नोंदवही) नोंद कर, २०१२ पासून त्याशिवाय नाव धरतच नाहीत.