मास्क कुणी लावला, कुणी हनुवटीवर ठेवला

तुमचा प्रश्न असा, की कोरोनात सोलापूरच्या नवी पेठेत मास्क दिसायचे, तुमच्या अक्कलकोट तालुक्यातल्या गावात कुणी लावत नव्हतं आणि जपानमध्ये सगळ्यांच्या तोंडावर होते. मग आपल्यालाच शिस्त नाही का?

मला शिस्तीचं काही पटत नाही. जपानात मास्क न लावणाऱ्याला दंडसुद्धा नव्हता. पण तिकडं १९१८ च्या फ्लूपासून मास्क ओळखीचा, आणि दर वसंतात तिकडच्या सुगी नावाच्या झाडांचे परागकण उडून शिंका सुरू झाल्या की लोक तो आपणहून लावतात. हाँगकाँगमध्ये २००३ साली सार्स या श्वसनाच्या साथीनं २९९ माणसं गेली, त्यामुळं २०२० ला त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. उलट अमेरिकेत, सान फ्रान्सिस्कोत, १९१९ साली मास्कसक्तीविरुद्ध लोकांनी चक्क संघटना काढली होती. आता त्यांनाही बेशिस्त म्हणायचं का?

आता आपलं सोलापूर बघा. इथल्या बायका कोरोनाच्या आधीपासून गाडीवर निघताना स्टोल असा गुंडाळतात की डोळेच दिसावेत. ऊन ४२-४३ अंश, वर रस्त्याची धूळ. त्यांना मास्कचं ओझं वाटलंच नाही. अडचण आम्हा पुरुषांची. तोंडात मावा, दर पाच मिनिटाला पिंक. मास्क खाली ओढल्याशिवाय थुंकणार कसं? एकदा हनुवटीवर आला की तिथंच राहायचा.

मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा, होतो. लूम (यंत्रमाग) चालू असताना कानात काही शिरत नाही. कामगाराचे ओठ बघून आणि हातवाऱ्यांनी बोलणं चालतं. कारखाने परत सुरू झाले तसे मालकानं मास्क वाटले, आणि पहिल्याच पाळीत माझी पंचाईत झाली. कुठल्या लुमावर धागा तुटलाय हे विचारायलाही जवळ जाऊन मास्क खाली करावा लागायचा, म्हणजे ज्यासाठी लावला तेच उलटं. गंमत म्हणजे कापसाचा भुसा उडतो म्हणून नाकाला रुमाल बांधणारे दोन-तीन जुने कामगार होते. त्यांनी कुरकुर केली नाही.

तुमच्या गावात तर रानात काम करायचं, चार हातावर दुसरं माणूस नाही. तिथं कुणासाठी लावणार? लग्नाच्या मांडवात मात्र लावायला हवा होता, तिथंही नव्हता, हे मी मान्य करतो. पाहुण्यासमोर तोंड झाकलं तर 'आमचा विटाळ होतो का' असं ऐकावं लागायचं. माझ्या मेव्हण्यानं मला तोंडावर ऐकवलंय.

२०२२ च्या गुढीपाडव्याला मास्कची सक्ती उठली. आमच्या खात्यातले ते रुमालवाले अजून रुमाल बांधूनच कामाला उभे असतात.