लंडनमधल्या जुन्या पबमध्ये जेवण, पेय आणि नाटक एकाच ठिकाणी मिळते का?

आपण विचारले आहे की लंडनच्या जुन्या वळणाच्या पबमध्ये जेवण, पेय आणि नाटक एकाच छताखाली मिळते हे खरे का, मद्य न घेणाऱ्या व शाकाहारी आई-वडिलांना तेथे नेता येईल का, आणि जायचे तर कोठे जावे. मी बरीच वर्षे उत्तर लंडनमध्ये राहते आणि नाटकांचे वेड जुने आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

होय, मिळते, मात्र तिकिटात जेवण धरलेले नसते. पब हा एक धंदा आणि त्याच्या माडीवरचे, मागच्या खोलीतले किंवा तळघरातले नाट्यगृह हा दुसरा. बहुतेक ठिकाणी दोघांचे चालक वेगळे आणि गल्लेही वेगळे असतात. नाटकाला आलेले पन्नास जण आधी जेवतात आणि प्रयोगानंतर एकेक ग्लास घेऊन रेंगाळतात, हा पबवाल्याचा लाभ. वेस्ट एंडच्या, म्हणजे मध्य लंडनमधल्या बड्या नाट्यगृहांच्या तुलनेत फारच थोड्या पैशांत खोली मिळते, हा नाटकवाल्यांचा. तेथे जे काही चांगले किंवा गैरसोयीचे अनुभवाला येते, ते बहुतांशी या व्यवहारातून आलेले असते.

ही सोयरीक जुनी आहे, पण मधल्या काळात कायद्यानेच ती मोडली होती. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात बिशप्सगेटची 'बुल' किंवा लडगेट हिलवरची 'बेल सॅव्हेज' अशा सरायांच्या चौकात नाटके होत आणि भोवतालच्या सज्जांतून लोक ती पाहत. तशा सज्जांची लंडनमधली शेवटची सराय म्हणजे साउथवार्कची 'द जॉर्ज'. 1676 च्या आगीनंतर ती नव्याने बांधली गेली. पुढे रेल्वे कंपनीने तिचा बराच भाग पाडला, तरी उरलेली एक बाजू आज नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि तेथे पब चालतो. 1843 च्या कायद्याने मात्र नाटक आणि मद्य यांच्या वाटा वेगळ्या केल्या: नाटकाचा परवाना हवा असेल तर प्रेक्षागृहात पिणे बंद, आणि प्रेक्षागृहात मद्य द्यायचे असेल तर गाणी-नकला करा, नाटक नको. त्यातूनच 'म्युझिक हॉल' फोफावले. चार्ल्स मॉर्टनने 1852 मध्ये लॅम्बेथला आपल्या पबाला लागून उभारलेला 'कँटरबरी हॉल' हा त्यांतला गाजलेला. 1968 मध्ये नाटकांवरची सरकारी पूर्वतपासणी संपली, तरुण नाट्यसंस्थांचे पेव फुटले आणि त्यांना स्वस्त जागा हव्या झाल्या. पबांच्या माड्यांवर सभा-समारंभांसाठी बांधलेल्या खोल्या बहुतेक दिवस रिकाम्याच पडून असत.

पहिले पाऊल टाकले ते डॅन क्रॉफर्ड या अमेरिकी माणसाने. त्याने 1970 मध्ये इस्लिंग्टनच्या 'किंग्ज हेड' पबच्या मागच्या खोलीत नाट्यगृह सुरू केले. शेक्सपिअरच्या काळानंतरचे लंडनमधले हे पहिले पब-नाट्यगृह, असे त्याच्याबद्दल नेहमी सांगितले जाते. आपण कल्पना केली आहे तसे जेवण तेथे सुरुवातीला खरोखरच होते: प्रेक्षक टेबलांवर जेवत आणि त्याच टेबलांवरून नाटक पाहत. क्रॉफर्डचे आणखी एक खूळ मला फार आवडते. ब्रिटनने फेब्रुवारी 1971 मध्ये दशमान चलन स्वीकारले, पण या पबात त्यानंतरही कित्येक वर्षे बिअरची किंमत पौंड-शिलिंग-पेन्समध्येच सांगत. रुपये-आणे-पैचा हिशेब तोंडपाठ असलेल्या आपल्या आजी-आजोबांना तो गल्ला अजिबात परका वाटला नसता.

पुढे अशी नाट्यगृहे भराभर निघाली. शेफर्ड्स बुशला 1972 मध्ये 'बुश', नॉटिंग हिलला 1979 मध्ये 'गेट', त्याच वर्षी इस्लिंग्टनच्याच एंजल भागात 'ओल्ड रेड लायन', 1980 मध्ये अर्ल्स कोर्टजवळ 'फिनबरो'. यांतल्या काहींचे नाव इतके झाले की पबची माडी त्यांना पुरेनाशी झाली: 'बुश' 2011 मध्ये जवळच्या जुन्या ग्रंथालयात गेले आणि खुद्द 'किंग्ज हेड' 2024 च्या आरंभी पबाला लागूनच जमिनीखाली बांधलेल्या मोठ्या नाट्यगृहात उतरले. सोयी वाढल्या हे खरे. तरी माझे मत विचाराल तर आपल्यासारख्या पाहुण्याने आधी जुन्या, अडचणीच्या माडीवरचाच प्रयोग पाहावा.

अडचणीतही काय साधता येते, याचे उदाहरण म्हणून किलबर्नच्या 'कॉक टॅव्हर्न'कडे पाहावे. 2009 च्या अखेरीस तेथे पुच्चिनीचा 'ला बोएम' हा ऑपेरा इंग्रजीत, वाद्यवृंदाऐवजी केवळ पियानोच्या साथीने सुरू झाला. त्याचा दुसरा अंक पॅरिसच्या एका कॅफेत घडतो. मंडळींनी तो अंक करायला प्रेक्षकांना सरळ माडीवरून खाली पबात आणले. गायक टेबलांमधून फिरत गात होते आणि नेहमीची गिऱ्हाइके हातात ग्लास धरून तेथेच होती. नेपथ्यावर पैही खर्च न करता कॅफे उभा राहिला. हा प्रयोग महिनोन्‌महिने चालला आणि 2011 मध्ये त्याला ऑलिव्हिए हा लंडनच्या रंगभूमीवरचा मानाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी जुन्या इमारतीतल्या सुरक्षेच्या अडचणींमुळे, विशेषतः जिन्यामुळे, ते नाट्यगृह बंद करावे लागले. पुरस्कार आणि टाळे एकाच वर्षी, हे या क्षेत्रात फारसे नवलाचे नाही.

आता प्रत्यक्ष संध्याकाळबद्दल. प्रयोग बहुधा साडेसात वाजता असतो, म्हणून सहाच्या सुमारास पोचावे. पबात बसल्या जागी कोणी विचारायला येईल म्हणून वाट पाहू नये. बारपाशी जाऊन मागणी द्यावी, टेबलाचा क्रमांक सांगावा आणि पैसे तेथेच द्यावेत. पेय आपणच घेऊन यायचे, जेवण टेबलावर येते. स्वयंपाकघर उशिरापर्यंत चालू नसते, त्यामुळे 'नाटक पाहून मग जेवू' हा आपला शिरस्ता येथे उपाशी ठेवतो. नाटकाची वेळ झाली की कोणीतरी घंटा वाजवतो किंवा बारमधूनच हाक देतो, आणि इतका वेळ फुटबॉलवर बोलणाऱ्या गर्दीतून पंधरा-वीस माणसे उठून एका साध्या दाराआडच्या जिन्याकडे चालू लागतात. काचेचा ग्लास दाराशी प्लास्टिकच्या पेल्यात ओतून देतात, कारण आत मद्य नेता येते, पण काच सहसा चालत नाही. जागा अनेकदा क्रमांकाविना बाकांवर असतात. कित्येक ठिकाणी आत जायची वाट रंगमंचावरूनच असते, म्हणून उशिरा आलेल्याला प्रवेश नाही. एकदा बसल्यावर मध्येच उठण्याचीही सोय नसते. खाली सामना चालू असेल आणि गोल झाला, तर वरच्या अतिशय शांत प्रसंगात जल्लोष ऐकू येतो, आणि चांगला नट त्यावर पापणीही हलवत नाही. दादरच्या छबिलदास शाळेतले प्रायोगिक प्रयोग आपल्या वडिलांनी पाहिले असतील, तर हाताच्या अंतरावरचा नट आणि तुटपुंजे दिवे हे त्यांना ओळखीचेच वाटेल. तिकीट साधारण 15 ते 25 पौंड असते आणि नटांना बऱ्याचदा केवळ उत्पन्नातला वाटा मिळतो, म्हणून फुकट पासाची अपेक्षा करू नये.

मद्य न घेणाऱ्याकडे पबात कोणी वळूनही पाहत नाही. लिंबाचा सोडा, आल्याची बिअर, बिनमद्याची बिअर, चहा-कॉफी हे सर्व मागता येते. शाकाहाराबाबत मात्र थोडी चौकशी हवी. रविवारच्या 'रोस्ट'मध्ये, म्हणजे एरवी भाजलेल्या मांसाच्या जेवणात, भाजक्या सुकामेव्याचा वडीसारखा शाकाहारी प्रकार बऱ्याच ठिकाणी असतो, पण त्यावर ओतण्याचा रस्सा मांसाचा नाही ना, हे विचारावे. त्याच ताटात येणारे 'यॉर्कशायर पुडिंग' गोड नसते आणि त्यात अंडे असते. बटाट्याचे चिप्स काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. चेडर चीज, पाव, लोणचे आणि सफरचंद असलेले 'प्लाउमन्स' हे अंडे-मांस टाळणाऱ्यांना त्यातल्या त्यात निर्धास्त. आपण स्वतः बिअर घेत असाल आणि कटाक्षाने शाकाहारी असाल, तर हेही सांगून ठेवते की हातपंपाने ओढून दिली जाणारी पारंपरिक बिअर नितळ करण्यासाठी अनेकदा माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ वापरतात.

जागेबद्दल सांगायचे तर एकटे असाल तेव्हा 'ओल्ड रेड लायन'ला जावे. एंजल स्टेशनपासून ते चालत काही मिनिटांवर आहे. विस्मरणात गेलेली जुनी नाटके आणि अगदी नवे लेखक यांची आवड असेल तर 'फिनबरो'. तेथे जेमतेम पन्नास जागा आहेत. मात्र तेथला खालचा पब अधूनमधून बंद राहिलेला आहे, म्हणून जेवणाची सोय आधी पाहावी. संगीतिका आवडत असतील तर हायगेटच्या 'अपस्टेअर्स ॲट द गेटहाउस'ची जाहिरात पाहावी. त्याची खोली या सर्वांत ऐसपैस आहे.

आई-वडिलांसाठी मात्र जिना हा खरा प्रश्न आहे. माडीवरच्या बहुतेक नाट्यगृहांत लिफ्ट नसते आणि बाकांना पाठही धड नसते. त्यांना गुडघ्यांचा त्रास असेल तर रिचमंडचे 'ऑरेंज ट्री' निवडावे. सॅम वॉल्टर्सने 1971 मध्ये ते याच नावाच्या पबच्या माडीवर सुरू केले आणि 1991 मध्ये ते रस्त्यापलीकडच्या स्वतंत्र इमारतीत गेले. रंगमंच मध्यभागी आणि चारही बाजूंना प्रेक्षक, त्यामुळे नट तेथेही जवळच असतो. जुना पब अजून समोर आहे. दुपारचा प्रयोग असेल तर आधी तेथे जेवावे आणि रस्ता ओलांडून नाटकाला जावे. तिकीट काढताना पायऱ्या टाळायच्या आहेत एवढे कळवले, की सोयीची जागा कोणती ते तेच सांगतात.